शाळा आणि वृद्धांचे देखभाल केंद्र : इंदुरात दोन्ही ठिकाणी स्पीच थेरपिस्टचे काम एकत्र स्वीकारावे का?

मालवकन्या, इंदूर

सर्वांना नमस्कार. मी इंदूरचीच असून वाक् आणि श्रवणशास्त्राची चार वर्षांची पदवी, तिच्यातील इंटर्नशिपच्या वर्षासह, पूर्ण केली आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, केंद्रीय नोंदवहीत माझे नाव आहे आणि आतापर्यंत मी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दवाखान्यात काम केले आहे. तिथे रुग्ण स्वतःहून येतो, खोलीचे दार बंद होते, समोर एकच माणूस आणि फार तर त्याची आई किंवा पत्नी बसलेली असते. आता मात्र दोन वेगळ्याच प्रकारची कामे एकाच वेळी चालून आली आहेत आणि नवे सत्र एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने लवकर कळवणे भाग आहे.

पहिले काम सीबीएसईच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवड्यातून तीन दिवसांचे आहे. शाळेने वर्गशिक्षिकांकडून मुलांची यादी मागवून माझ्या हाती दिली असून प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटे ‘सेशन’ व्हावे आणि प्रत्येक सेशनची नोंद रजिस्टरमध्ये राहावी, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. यादी वाचून मी थोडी गोंधळले. तिच्यात स्पष्टपणे अडखळणारी मुले आहेत, स्वमग्नतेचे निदान झालेले एक मूल आहे, पण ‘वर्गात बोलत नाही’, ‘इंग्रजीत उत्तर देत नाही’ एवढ्याच शेऱ्यावर आलेली मुलेही बरीच आहेत. त्यांपैकी एका मराठी कुटुंबाला तर शाळेतून असे सांगण्यात आले आहे, की घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, म्हणजे मूल बोलू लागेल. आजी सुदामानगरच्या घरात नातवाशी तोडक्या इंग्रजीत बोलण्याचा प्रयत्न करीत आहेत, हे ऐकून मला वाईट वाटले, परंतु नव्या जागी पहिल्याच दिवशी शाळेचे म्हणणे खोडून काढावे की नाही, हे कळत नाही.

दुसरे काम शहराबाहेरच्या एका निवासी देखभाल केंद्रात उरलेल्या तीन दिवसांपैकी अर्धा-अर्धा दिवस जाण्याचे आहे. तेथे लकव्यानंतरचे, पार्किन्सनचे आणि स्मृतिभ्रंशाचे वृद्ध राहतात. व्यवस्थापकांनी मला ‘यांना बोलते करायचे आहे’ असे सांगितले. मी पाहायला गेले तेव्हा मात्र दुपारचे जेवण चालू होते आणि तीन-चार आजी-आजोबांना घासागणिक ठसका लागत होता. गिळण्याच्या त्रासाचा हा विषय माझ्या कक्षेतला आहे हे मी शिकले आहे, पण प्रत्यक्ष हाताळण्याचा सराव दवाखान्यात फारसा मिळाला नाही, आणि केंद्रात त्याबद्दल कोणी मला विचारलेलेही नाही.

दोन्ही कामे एकत्र घ्यावीत का, होकार देण्यापूर्वी लेखी काय ठरवून घ्यावे, आणि आपल्यासारख्या मराठी-हिंदी-इंग्रजी अशा मिश्र वातावरणात तपासणी कोणत्या भाषेत करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन केल्यास आभारी राहीन.

रामबागकर, इंदूर

ताई, मी शाळांमधूनच अधिक काम केले असल्याने त्या बाजूविषयी लिहितो. वृद्धांच्या केंद्राविषयी दुसरे कोणी अधिक अधिकाराने सांगतील.

यादीपासून सुरुवात करू. वर्गशिक्षिकेने दिलेली यादी ही तक्रारींची यादी असते, निदानांची नव्हे, आणि त्यात शिक्षिकेचा दोष नाही. तिला वर्गात जे अडते तेच ती लिहिणार. म्हणून त्या यादीतल्या प्रत्येकाला सेशन लावण्यापूर्वी पहिले काही आठवडे केवळ तपासणीसाठी मिळावेत, ही अट प्रथम घाला. तपासणीतही पहिली पायरी कानांची. सर्दीनंतर मधल्या कानात पाणी साचून राहिलेले मूल तुम्हाला समोर बसवून विचारले तर नीट उत्तर देते, पण पंखे फिरत असलेल्या वर्गात मागच्या बाकावर त्याला ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे मंद ध्वनी निसटतात आणि मग ते ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती अधिकार अधिनियमाच्या व्याख्येत श्रवणदोष मोजला जातो तो दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक घट असेल तेव्हा. त्याखालच्या घटीचे मूल कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, पण श्रुतलेखनात रोज मार खाते. ज्या मुलाची श्रवणचाचणी झालेली नाही त्याच्यावर वाचा-उपचार सुरू करू नका आणि हे शाळेला लेखी कळवा. खाजगी चाचणी परवडत नसेल तर एम. वाय. या सरकारी रुग्णालयाचा कान-नाक-घसा विभाग आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा पातळीवरचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र हाही मार्ग आहे. २०१३ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असला, तरी त्याची मदार अंगणवाड्या आणि सरकारी शाळांवर असल्याने खाजगी शाळांतील पालकांना तो बहुधा माहीतच नसतो.

आता भाषेचा प्रश्न. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने मुलाला वाचाविकार जडत नाही. भाषेच्या विकासात खरा दोष असेल तर तो मुलाच्या प्रत्येक भाषेत दिसतो; मराठीत गोष्ट रंगवून सांगणारे आणि इंग्रजीत गप्प बसणारे मूल आजारी नाही, ते फक्त इंग्रजी शिकत आहे. लहान मुलांचे शब्द मोजतानाही सर्व भाषांतले एकत्र मोजावेत. ‘पाणी’ मराठीतून, ‘गाडी’ मराठी-हिंदी दोन्हींतून आणि ‘बॉल’ इंग्रजीतून आला म्हणून त्याची शब्दसंपत्ती तोकडी ठरत नाही. आजींनी मराठीच बोलावे. ज्या भाषेत घरचे लोक न अडखळता, लांब वाक्यांत, रागावून आणि लाडाने बोलू शकतात, तीच भाषा मुलाच्या उपयोगाची. तोडके इंग्रजी ऐकून मूल तोडकेच शिकते.

इथे आपल्या गावची एक खास अडचण सांगून ठेवतो. इंदुरात बहुतेक ठिकाणी उच्चारांच्या चाचणीसाठी हिंदीची चित्रे वापरतात. त्यांत ‘ळ’ नसतो, आणि मराठीतील ‘चमचा’, ‘जाळे’, ‘झाड’ यांतले दंतमूलीय, म्हणजे दातांच्या मुळाशी जीभ नेऊन होणारे, उच्चार तर नसतातच. मराठी मूल हिंदी चित्रांवर तपासले की हे ध्वनी तपासायचेच राहून जातात. उलट, पुण्याहून आणलेल्या मराठी चाचणीवर तपासले की इंदुरी मूल ‘शाला’ म्हणते, ‘झाड पडला’ म्हणते, आणि त्याच्या नावापुढे चुका लागतात. वास्तविक त्याच्या घरातले वडीलधारेही कित्येकदा तसेच बोलतात. दोन लिंगांच्या हिंदीत वाढणाऱ्या मुलाला तिसरे लिंग उशिरा बसते, यात उपचार करण्यासारखे काही नाही. म्हणून मी मुलासोबत आईचे किंवा आजीचेही दोन मिनिटांचे बोलणे ऐकून ठेवतो. मूल घरच्यांपेक्षा वेगळे बोलत असेल तरच तो माझा विषय. घरी ‘बाळ’ असा स्वच्छ उच्चार होत असताना आठ वर्षांचे मूल ‘बाय’ म्हणत असेल, तर मात्र जीभ कुठे जाते ते पाहावेच लागेल.

अडखळणाऱ्या मुलांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण शाळेतला थेरपिस्ट सर्वांत अधिक उपयोगी पडू शकतो तो इथे, आणि तोही स्वतःच्या खोलीत नव्हे. साधारण शंभरांतील पाच मुले बालपणी कधी ना कधी अडखळतात, त्यांतील बहुतेकांचे अडखळणे आपोआप थांबते आणि सुमारे एक टक्का लोकांत ते राहते. शाळेत जाणारे जे मूल वर्षानुवर्षे अडखळत आहे, त्याचा दिवस हजेरीपासून बिघडतो. ठरलेल्या वेळी, ठरलेला एकच शब्द, सर्वांसमोर आणि लगेच बोलायचा, यापेक्षा अवघड परीक्षा त्याच्यासाठी दुसरी नाही. त्याला हजेरीला हात वर करू द्यावा. प्रकटवाचन क्रमाने येत असेल तर त्याचा नंबर मोजत बसण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये म्हणून त्याला आधी किंवा जोडीने वाचू द्यावे. दोघांनी एका सुरात वाचले की अडखळणे पुष्कळ कमी होते, हे तुम्ही अभ्यासक्रमात वाचलेच आहे. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ असे सांगणे आणि त्याचा शब्द आपण पुरा करणे, या दोन्ही सवयी शिक्षकांनी सोडल्या तरी अर्धे काम होते. हे पंचवीस मिनिटांच्या सेशनच्या रजिस्टरमध्ये कुठे लिहिणार? म्हणून ‘वर्गात बसून निरीक्षण’ आणि ‘शिक्षकांशी चर्चा’ हे दोन रकाने त्या रजिस्टरमध्ये वाढवून घ्या. ते रकाने नसतील तर ते काम शाळेच्या लेखी कामच ठरत नाही.

आणखी एक खबरदारी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाने दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक असे सांगितले, तेव्हापासून शाळांवर दडपण आहे. काही शाळा थेरपिस्टलाच कागदोपत्री विशेष शिक्षिका दाखवू पाहतात. आरसीआयच्या नोंदवहीत हे दोन व्यवसाय वेगळे आहेत. नियुक्तिपत्रावर पदाचे नाव काय लिहिले आहे, ते सही करण्यापूर्वी वाचा.

मुलाला कोणत्या तासाला वर्गाबाहेर काढायचे, यावर तुमचा आणि शाळेचा खटका उडणारच आहे. गणिताचा तास शिक्षिका सोडत नाहीत, म्हणून खेळाचा तास पुढे करतात. खेळाच्या तासाला मी मुलाला कधीही बोलावत नाही. ज्याला बोलण्याची भीती आहे त्याला बोलण्याची खरी संधी मैदानावरच मिळते.

ध्वनिरेखा, वडोदरा

रामबागकरांनी शाळेची बाजू मांडली आहे, मी केंद्राची मांडते. इकडे वडोदऱ्यात मी रुग्णालयाबरोबरच दोन निवासी केंद्रांत जाते. भाषांची खिचडी इथेही तशीच आहे, फक्त हिंदीच्या जागी गुजराती.

तुम्ही पाहिलेला ठसका हाच तिथला पहिला विषय समजा, बोलणे त्यानंतर. व्यवस्थापकांनी विचारले नाही याचे कारण त्यांना तो म्हातारपणाचा भाग वाटतो. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेले की फुप्फुसाचा दाह होतो, रुग्ण आठ दिवस रुग्णालयात जाऊन येतो, परत आल्यावर त्याच पद्धतीने भरवले जाते आणि पुन्हा ताप येतो. ठसका दिसतो तरी. काहींचा खोकल्याचा प्रतिक्षेपच मंद झालेला असतो आणि त्यांच्या श्वासनलिकेत पाणी निमूटपणे उतरते. म्हणून केवळ खोकला पाहू नका. पाणी प्यायल्यानंतर आवाज ओला, गुरगुरता येतो का, एका घासाला तीन-तीनदा गिळावे लागते का, जेवण अर्ध्या तासाहून लांबते का, वजन उतरत आहे का, कारणाशिवाय वारंवार ताप येतो का, हे नोंदवून डॉक्टरांना लेखी कळवा. क्ष-किरण चलचित्र किंवा नाकातून दुर्बीण घालून करायची तपासणी कुणाला हवी, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. प्रत्यक्ष सराव कमी आहे असे तुम्ही म्हणता, तर सुरुवातीचे काही महिने एखाद्या रुग्णालयातील ज्येष्ठ सहकाऱ्याचा सल्ला घेण्याची सोय ठेवा. एकटीने निर्णय घेण्याचे हे क्षेत्र नाही.

मात्र तपासण्यांच्या आधीच पुष्कळ काही सुधारता येते आणि त्याचा पत्ता स्वयंपाकघरात लागतो. इंदूरच्या केंद्रात सकाळी पोहे असणारच. कोरडे, सुटे, वर शेव घातलेले पोहे हा गिळण्याचा त्रास असलेल्या माणसासाठी अत्यंत वाईट पदार्थ आहे, कारण ते तोंडात गोळा होत नाहीत, विखुरतात. पातळ वरणात कालवलेला मोकळा भातही तसाच फसवा: वरण आधी घशात उतरते आणि शिते मागे राहतात, दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी सांभाळणे जिभेला जमत नाही. तोच भात मऊ शिजवून, घट्ट वरणात घोटून, चमच्यावर गोळा टिकेल असा केला की अनेकांना सोसतो. साबुदाण्याची खिचडी चिकट, म्हणून ती वर्ज्यच धरा, एकादशी असली तरी. आणि रविवारी भेटायला आलेले नातेवाईक मऊ म्हणून प्रेमाने सराफ्यातली कुल्फी भरवतात, ती तोंडात वितळून पाण्याइतकी पातळ होते, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे. तो ‘कोणीतरी’ म्हणजे तुम्हीच.

पातळपणा मोजण्यासाठी शून्य ते सात अशा पातळ्यांची ‘इड्सी’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे आणि तिला महाग उपकरण लागत नाही. दहा मिलिलिटरची साधी सिरिंज घ्यावी, तिच्यात पेय भरून दहा सेकंद वाहू द्यावे आणि किती उरले ते पाहावे. एक ते चार मिलिलिटर उरले तर पहिली पातळी, चार ते आठ उरले तर दुसरी, आठाहून अधिक उरले तर तिसरी. ताकावर, डाळीच्या पाण्यावर, चहावर हा प्रयोग स्वयंपाकीण बाईंसमोर एकदा करून दाखवला की त्यांना जे समजते ते माझ्या छापील तक्त्यांनी कधी समजले नव्हते. सिरिंज कंपनीगणिक थोडी वेगळी असते. दहा मिलिलिटरच्या खुणेपर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर असलेलीच वापरावी. घट्ट करायला मक्याचे पीठ वापरत असाल तर एक लक्षात असू द्या, की लाळेने ते पुन्हा पातळ होते. आणि प्रत्येकाचे पाणी घट्ट करण्याच्या मागे लागू नका. घट्ट पाणी कोणालाच आवडत नाही, माणसे कमी पितात, उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी होते आणि मग लघवीचे विकार सुरू होतात. माझ्या मते आपल्याकडे हा उपाय गरजेपेक्षा जास्त सुचवला जातो.

पाणी घट्ट करण्यापूर्वी भरवण्याची रीत पाहावी. डोके मागे कलवून फुलपात्र तोंडाला लावणे, झोपलेल्या अवस्थेत चमचा घालणे, टीव्ही चालू ठेवून भरवणे, कवळी सैल असणे, मागचा घास गालात असतानाच पुढचा देणे, हे सगळे एका दुपारी तुम्हाला दिसेल. सरळ बसवणे, हनुवटी समपातळीत ठेवणे, जेवणानंतर अर्धा तास आडवे न करणे आणि दिवसातून दोनदा तोंड स्वच्छ करणे, एवढ्यानेही फरक पडतो. तोंड अस्वच्छ असेल तर जी लाळ श्वासात जाते तीच जंतू घेऊन जाते. नाकातून नळी घातलेल्या रुग्णाचेही तोंड स्वच्छ करावे लागते, हे बहुतेक मदतनीसांना पटत नाही, कारण ‘ते तर तोंडाने काही खातच नाहीत’.

बोलण्याविषयी थोडक्यात. लकव्यानंतर वाचा गेलेल्यांपैकी काहींना नाव सांगता येत नाही, पण वारांची नावे, दोनाचा पाढा किंवा गणपतीची आरती सलग येते. नातेवाईक त्यावरून आजोबा हट्टाने बोलत नाहीत असे ठरवतात. त्यांना नीट समजावून सांगा, की पाठ असलेले म्हणणे आणि मनातले सांगणे या मेंदूच्या वेगवेगळ्या वाटा आहेत. तपासणी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत करा. आधी शिकलेली भाषा अधिक टिकते असे फ्रेंच अभ्यासक रिबो म्हणत आणि आजारापूर्वी अधिक वापरातली आधी परतते असे दुसरे फ्रेंच अभ्यासक पित्र म्हणत. एकोणिसाव्या शतकातले हे दोन्ही नियम काही रुग्णांना लागू पडतात आणि काहींना नाही. मदतनीस माळवी किंवा निमाडी बोलणारे असतील तर चित्रांचा तक्ताच सर्वांना समान पडतो: पाणी, संडास, दुखते आहे, पंखा, घरी फोन लावा. तक्ता कपाटात न ठेवता पलंगाला बांधावा.

आणि हो, ‘आजोबा प्रतिसादच देत नाहीत’ अशी तक्रार आली की आधी श्रवणयंत्राची बॅटरी पाहा. सेलवरची चिकटपट्टी काढली की तो वापरात नसतानाही उतरत जातो. केंद्रात पाऊण वेळ ही यंत्रे डबीत बंद असतात किंवा मळाने तुंबलेली असतात.

वर्गशिक्षिका, ग्वाल्हेर

मी थेरपिस्ट नाही, चौथीच्या वर्गाची शिक्षिका आहे. तरीही रामबागकरांच्या प्रतिसादावर लिहावेसे वाटले. ते म्हणतात ते सर्व बरोबर असले तरी माझ्या वर्गात पंचेचाळीस मुले आहेत. आमच्याकडे यापूर्वी आलेल्या बाईंनी सहा मुलांसाठी सहा वेगवेगळ्या सूचनांचे कागद दिले होते; ते मी फलकाला लावले आणि महिन्याभरात ते वाऱ्याने फडफडत राहिले. सध्याच्या बाई मधल्या सुटीत दोन मिनिटे भेटतात आणि एका मुलासाठी एकच गोष्ट सांगतात. उदाहरणार्थ, ‘प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा आणि मगच दुसऱ्याला विचारा.’ एवढे मी करू शकते, आणि खरे सांगायचे तर त्याचा फायदा त्या एका मुलापुरता राहिला नाही.

दुसरे असे, की मुलाचे निदान शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर किंवा शिक्षककक्षात मोठ्याने सांगू नका. अहवाल पालकांच्या हाती द्या आणि त्यांच्या संमतीने मला जेवढे लागते तेवढेच सांगा. मुलाचा आवाज किंवा चित्रफीत फोनवर घेणार असाल तर आधी पालकांची लेखी परवानगी घ्या.

जाता जाता, वर्षाच्या शेवटी आमचे घसे बसलेले असतात. आल्यासारखे त्याकडेही पाहाल तर शिक्षककक्ष तुमच्या बाजूने उभा राहील.

मालवकन्या, इंदूर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. शाळेशी बोलणे झाले असून वर्गातील निरीक्षणाचा रकाना ठेवण्यास मुख्याध्यापिका तयार आहेत, तपासणीसाठी वेगळा कालावधी देण्याबद्दल मात्र त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही. त्या मराठी कुटुंबाशी मी थेट न बोलता आधी मुख्याध्यापिकांशी बोलले, आणि श्रवणचाचणी होईपर्यंत भाषेबद्दलची सूचना मागे घेण्याचे त्यांनी मान्य केले.

केंद्राबाबत एक शंका उरते. मी एखाद्या आजींना पातळ चहा न देण्याचे लिहून दिले आणि त्यांच्या मुलाने भेटीच्या वेळी तो पाजलाच, किंवा आजी स्वतःच चहा सोडायला तयार नसतील, तर जबाबदारी कोणाची? शिवाय केंद्र मला सकाळी दहा ते बारा ही वेळ देत आहे, ती योग्य आहे का?

रामबागकर, इंदूर

तपासणीच्या कालावधीवर ठाम राहा. तो मिळत नसेल तर मी शाळा सोडून केंद्र घेईन, आणि मिळाला तरी पहिले सत्र दोन्ही एकत्र घेऊ नये, असे माझे मत आहे. नवख्या माणसाने दोन अनोळखी क्षेत्रे एकदम घेतली की दोन्हीकडे रजिस्टरच भरले जाते.

ध्वनिरेखा, वडोदरा

रामबागकरांशी मी सहमत नाही. दोन्ही घ्यावीत, मात्र केंद्रात तीनऐवजी दोनच दिवस आणि शाळेत मुलांची संख्या मर्यादित ठेवून. शाळेत जे शिकाल, म्हणजे आपण गेल्यावर मागे राहणाऱ्या माणसाला एकच नेमकी गोष्ट शिकवून निघणे, त्याचा केंद्रात रोज उपयोग होईल.

चहाच्या प्रश्नावर : सल्ला देणे, धोका समजावणे आणि ते लिहून ठेवणे ही तुमची जबाबदारी. ज्या आजींचे मन शाबूत आहे त्यांचा चहा सोडण्याचा किंवा न सोडण्याचा निर्णय त्यांचा आहे. डॉक्टर, मुलगा आणि आजी यांच्यासमोर बोलणे करून ‘धोका समजावून सांगितला, तरीही चहा घेण्याची इच्छा’ अशी नोंद करावी आणि तिघांच्या सह्या घ्याव्यात. त्यानंतर चहा बंद करण्याचा आग्रह न धरता तो सरळ बसवून, लहान घोटांनी, तोंड स्वच्छ केल्यावर कसा द्यायचा, हे मदतनीसाला दाखवा. स्मृतिभ्रंशामुळे निर्णय घेता येत नसेल तर हीच चर्चा कुटुंबाशी आणि डॉक्टरांशी करावी लागते, आणि ती दर काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते, कारण आजार पुढे सरकतो.

वेळेविषयी : दहा ते बारा घेऊ नका. त्या वेळी नाश्ता संपलेला असतो, जेवण सुरू झालेले नसते आणि अंघोळीनंतर अर्धे लोक झोपलेले असतात, म्हणजे तुम्हाला भरवताना काहीच दिसणार नाही. साडेअकरा ते दोन मागा. पार्किन्सनच्या रुग्णांना गोळीचा असर असताना गिळणे आणि बोलणे दोन्ही सोपे जाते, म्हणून त्यांच्या गोळ्यांच्या वेळा परिचारिकेकडून लिहून घ्या आणि जेवण त्यांच्याशी जुळते का ते पाहा. महिन्यातून एक फेरी संध्याकाळची ठेवा, कारण रात्रपाळीचे मदतनीस वेगळे असतात आणि दिवसाच्या लोकांना दिलेली सूचना त्यांच्यापर्यंत बहुधा पोहोचलेली नसते. नियुक्तिपत्रात ही संध्याकाळची फेरी कामाच्या तासांत धरली आहे, असे स्पष्ट लिहून घ्या.